दहातल्या चार

आठवड्यातून दोनदा मी पाऊस वाचते.
तामालेत, एका खोलीत, जिच्या भिंतींना
अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेत,
बाहेरच्या मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून.
कागद येतो इंग्रजीत, मी दागबानीत बोलते.
चाळीस सेकंद.
मग तो आवाज कुठे कुठे जातो,
उशाखाली, लुगड्याच्या गाठीत,
चार्जिंगच्या दुकानात एकेक सेडी देऊन
घोसानं टांगलेल्या फोनांत.

पहिल्याच दिवशी अडले.
पावसाची शक्यता साठ टक्के.
टक्क्याला आमच्या बोलीत घर नाही.
साहेब म्हणाले, "पडेल" म्हण, मोकळी हो.
म्हटलं, असं बोलायला मी कोण?
शेवटी कोंबड्या आणल्या:
दहा गिनी कोंबड्या रानात सोडल्या
तर सहा भिजून परत येतील.
सगळे हसले. पण तेच राहिलं.

भाव सोपे. आकडा कुठेही राहतो.
सावेलुगू, मक्याचं पोतं, इतके सेडी.
तेचिमान, इतके.
हे वाचताना माझी जीभ कधी अडखळली नाही,
हे आता आठवलं की बरं वाटत नाही.

जूनमध्ये आत्याकडे गेले.
माझ्या आधी माझा आवाज पोचलेला.
पोरं मागे लागली, दहा कोंबड्या! दहा कोंबड्या!
आत्याच्या घरी फोन काकाच्या खिशात असतो.
तिला पाऊस रात्री कळतो, जेवणं उरकल्यावर,
कधी तर पडून गेल्यावर.

बाजाराच्या दिवशी मॅडम सेरवा ट्रक घेऊन आली.
आत्यानं भाव सांगितला,
माझाच, शब्दाला शब्द, माझ्याच सुरात.
सेरवा म्हणाली, बरोबर, मीही ऐकलाय,
गोड आहे पोरीचा आवाज.
आणि पोतं उलगडलं.
तोंडाशी वीतभर जादा कापड,
निळ्या दोऱ्यानं नीट शिवलेलं.
आत्या वाडग्यामागून वाडगा ओतत राहिली.
पोतं भरेना.
माझ्या कागदावर पोत्याचा भाव असतो,
उंची नसते.

मी रागावले तर आत्याच हसली.
अगं, आधी ती निम्मा भाव सांगायची
आणि मी वर पाणी विचारायचे तिला.
आता निदान शिवावं तरी लागतं.

संध्याकाळी नापारीबाबा आले.
माझ्या साठ टक्क्यांवर त्यांनी भुईमूग पेरला होता,
सगळा, एका दिवसात.
नंतर अकरा दिवस आभाळ कोरडं.
दाणे मुंग्यांनी नेले, उरलेले तितरांनी.
मी खाली बघत बसले.
त्यांनी कोलानट मोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं.
"तू सहा म्हणालीस. खोटं नाही बोललीस.
राहिलेल्या चार आमच्या अंगणात आल्या, एवढंच.
कुणाच्या तरी अंगणात यायच्याच होत्या."
मग बराच वेळ नुसतं चघळणं.
"पण त्या चारांचंही नाव घेत जा.
आम्ही सहाच मोजतो, पोरी."

सोमवारी पुन्हा पुठ्ठ्यांची खोली.
सात भिजतील, मी म्हटलं,
तीन कोरड्या येतील, त्या तुमच्याही असू शकतात,
सगळं बी एका दिवशी मातीत घालू नका.
भाव सांगितले. आणि कागदात नसलेलं:
पोतं उघडलं की आधी शिवण बघा.
इद्रिसूनं काचेपलीकडून हात वर केला.
एकावन्न सेकंद.
त्यानं कापलं. पाऊस राहिला, भाव राहिला,
तीन कोरड्या कशाबशा राहिल्या.
शिवण गेली.

गुरुवारी मी नमस्कार गाळला,
स्वतःचं नाव गाळलं,
तेचिमान एका श्वासात उरकलं.
घड्याळात सहा सेकंद उरले.

शिवण सहा सेकंदांत मावते.